फूड हॉलमध्ये थालीपीठ: जाऊबाईंनी काउंटर घ्यावं का?

मधलीसुट्टी
मंडळी, सल्ला हवाय. आमच्या जाऊबाई कर्वेनगरात घरूनच थालीपीठ, भाजणीचे वडे, उपासाची भाजणी वगैरे करून देतात, सात वर्षं झाली. सोसायटीच्या ग्रुपवर ऑर्डरी येतात, शनिवार-रविवार मिळून पन्नासेक थालीपिठं सहज जातात. तर गेल्या आठवड्यात एक मुलगा आला, टी-शर्टवर ब्लेझर, हातात टॅब. बाणेरच्या बाजूला नवीन फूड हॉल होतोय म्हणे, त्यात "अस्सल घरगुती" असं एक काउंटर त्यांना हवंय. मी म्हटलं, फूड कोर्ट का? तर म्हणे "नाही मॅम, फूड हॉल." हे त्याने तीनदा सांगितलं, फरक मला अजून कळलेला नाही.

एकूण अठरा काउंटर, मधोमध लांब लाकडी टेबलं, एक बार, एक कॉफीवाला. मोठा ब्रँड एकही घेणार नाहीत. काउंटर आठ बाय दहाचं. महिन्याला ५५ हजार मिनिमम गॅरंटी किंवा विक्रीच्या २२ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. सहा महिन्यांचं डिपॉझिट. आणि तो जाताना म्हणाला की मेन्यूवर थालीपीठ न लिहिता "मल्टिग्रेन मसाला फ्लॅटब्रेड" लिहिलं तर बरं पडेल.

जाऊबाईंचे डोळे लकाकलेत. मोठे दीर गप्प आहेत, म्हणजे त्यांचं नको आहे. मी मधे अडकलेय. कोणाला अनुभव?

ताटलीफोड
पहिला! फरक सोपा आहे. फूड कोर्टात ट्रे प्लास्टिकचा असतो, फूड हॉलमध्ये लाकडाचा. बिल लाकडाच्या भावाने.

पाटावरवंटा
मल्टिग्रेन मसाला फ्लॅटब्रेड!!! हसून हसून पुरे वाट. मग लोण्याला काय म्हणणार, "कल्चर्ड व्हाइट बटर"?

ताटलीफोड
@पाटावरवंटा, हसू नका, ते म्हणतातच. वर ४० रुपये वेगळे.

दादर_पूर्व
फूड कोर्टाचं नाव काढलंत म्हणून आधी माझं रडगाणं. माझ्या पाकिटात तीन मॉलची ती प्रीपेड कार्डं आहेत, प्रत्येकात ३५-४० रुपये अडकलेत. परत घ्यायला गेलं की काउंटरवरचा पोरगा म्हणतो सिस्टिम डाउन आहे सर. एवढ्या पैशात काही येत नाही आणि टाकवतही नाही. पुढच्या पिढीला वारसाहक्काने देणार आहे.

आता मूळ प्रश्न. माझ्या समजुतीप्रमाणे फूड कोर्ट म्हणजे मॉलने वरच्या मजल्यावर दिलेले गाळे, ज्या साखळीला भाडं परवडेल ती येते, म्हणून ठाण्यातलं आणि नागपुरातलं सारखंच दिसतं. फूड हॉलमध्ये कोणीतरी बसून निवड करतं की हा बिर्याणीवाला गावातला, ही केकवाली गावातली. लिस्बनला आम्ही गेलो होतो तेव्हा नदीकाठच्या जुन्या मंडईत हे पाहिलं, मेर्कादो दा रिबेइरा. एकोणिसाव्या शतकातली इमारत. २०१४ मध्ये टाइम आउट या मासिकाने तिचा अर्धा भाग घेतला, आपल्या मासिकात ज्यांची तारीफ छापायचे त्यांनाच स्टॉल दिले. उरलेल्या अर्ध्यात अजून भाजी, मासळी, फुलं विकतात. सकाळी साडेनऊला गेलो तर एका बाजूला बायका मासे साफ करत होत्या आणि भिंतीपलीकडे खुर्च्या अजून उलट्या टेबलावर. दुपारी एकला त्याच खुर्च्यांसाठी पर्यटकांची झुंबड. टाइम आउटने पुढे ही कल्पना आणखी देशांतही नेली.

खिडकीजवळ
फूड हॉल हा शब्द जुना आहे हो, लंडनच्या हॅरॉड्स या बड्या दुकानात फूड हॉलच म्हणतात. पण तिथे मूळ प्रकार किराणा आणि खाऊ विकत घेऊन घरी न्यायचा. आता बसून खायच्या जागेला तो शब्द चिकटलाय.

पीचट्री_पुणेकर
मी अटलांटात असतो, इथे पॉन्स सिटी मार्केट आहे. १९२६ ची सिअर्स कंपनीची प्रचंड मोठी इमारत, मग काही वर्षं महापालिकेची कचेरी होती, २०१४ पासून खाली फूड हॉल आणि वर ऑफिसं, फ्लॅट. बाजूने जुन्या रेल्वेमार्गावर केलेला चालायचा रस्ता जातो, त्यामुळे रविवारी तोबा गर्दी. अमेरिकेत हे असंच होतं, कारखाना बंद पडला की दहा-वीस वर्षांनी त्यात पंधरा डॉलरचं सँडविच उगवतं. न्यूयॉर्कचं चेल्सी मार्केटही बिस्किटाचा कारखाना, ओरिओ तिथे जन्मलं.

पण सांगायचं ते हे की पॉन्समध्ये बोटीवाला नावाचं काउंटर आहे, कबाब-रोल, पाव वगैरे. त्याचे मालक मेहेरवान इराणी आपल्या नगरला वाढलेले. (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं.) त्यांचं आधीचं चाय पानी अ‍ॅशव्हिलला, २००९ पासून, त्याला २०२२ मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशनचं अमेरिकेतल्या उत्तम रेस्टॉरंटचं बक्षीस मिळालं. त्या काउंटरसमोर उभा राहून रोल खाताना माझ्या बायकोच्या डोळ्यात पाणी आलं होतं, ती म्हणते मिरचीमुळे. तर @मधलीसुट्टी, आपलं नाव आपल्याच भाषेत लिहून तिथे विकता येतं. फ्लॅटब्रेड लिहू नका प्लीज.

फक्त एक आहे, बोटीवाला काढायच्या आधी त्यांच्या हाताशी चालतं रेस्टॉरंट होतं. पहिलाच उद्योग फूड हॉलमध्ये आणि तो पडला तर मागे आधार काय, हे बघा.

गल्लीबोळ
मला हा सगळा प्रकारच पटत नाही. खाऊगल्ली म्हणून चांगली गोष्ट आपल्याकडे असताना तिला एसी लावून, पिवळे दिवे टांगून, चौपट भावात आपल्यालाच विकायची. झवेरी बाजारची गल्ली घ्या, घाटकोपरची घ्या. तिथे कोणी "निवड" केली होती? लोकांनी केली. ज्याचा डोसा वाईट त्याची गाडी सहा महिन्यांत गायब, एवढं साधं.

भर_दुपारी
@गल्लीबोळ, तुमच्या खाऊगल्लीत किती गाड्यांवर बाई मालक पाहिलीत? राबणारी नव्हे, गल्ल्यावर बसलेली.

माझ्या आईने पाच वर्षं स्टेशनबाहेर पोळीभाजीचा स्टॉल चालवला. दुपारी बाराला घरून निघायची आणि रात्री नऊला परत येईपर्यंत पाणी प्यायची नाही, कारण बाथरूमची सोयच नव्हती. पावसाळ्यात ताडपत्री, महिन्यातून दोनदा पालिकेची गाडी, एकदा गाडीसकट शेगडी आणि कणकेचा डबा नेला, सोडवायला तीन दिवस खेटे घालत होती. हप्ता वेगळा, तो कोणाचा ते लिहीत नाही. २०१४ मध्ये फेरीवाल्यांचा कायदा आला, शहर फेरीवाला समिती, प्रमाणपत्र वगैरे, तिच्या हातात तो कागद काही आला नाही. तिला कोणी कुलूप लावता येणारं आठ बाय दहाचं काउंटर दिलं असतं ना, शेजारी स्वच्छ बाथरूम, तर तिने मल्टिग्रेन काय काहीही लिहिलं असतं पाटीवर.

त्यामुळे पिवळ्या दिव्यांना हसायच्या आधी जरा थांबू या.

पाटावरवंटा
@भर_दुपारी, +१००. कणकेचा डबा वाचून गलबललं.

गल्लीबोळ
@भर_दुपारी, मुद्दा मान्य. मी गिऱ्हाईक म्हणून बोलत होतो, गाडीमागून कधी पाहिलं नाही. पण मग बाथरूम, पाणी आणि कुलूप पालिकेने द्यावं ना, त्यासाठी २२ टक्के का?

टिश्यूपाकीट
@गल्लीबोळ, ते ज्यांनी केलं त्या गावात मी अकरा वर्षं राहतेय. सिंगापूर. इथे साठच्या दशकापर्यंत सगळे रस्त्यावरच विकायचे, मग सरकारने त्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते ८६ या काळात हॉकर सेंटर (हॉकर म्हणजे फेरीवाले) बांधून सगळ्यांना आत नेलं. नळाचं पाणी, ड्रेनेज, टेबलं सामायिक, आणि रस्त्यावरून उठवलेल्या पहिल्या पिढीला भाडं सवलतीचं. आज शंभरावर सेंटर आहेत. २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. आमच्या लिटिल इंडियातल्या टेक्का सेंटरला खाली मासळीबाजार, बाजूला बिर्याणी, वर कपडे. एसी नाही, पंखे. घामाच्या धारा लागतात आणि समोर टाय लावलेला बँकवाला नि टॅक्सीवाले काका एकाच टेबलावर.

माझा आयडी कुठून आला विचारतात लोक. जागा धरायला टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं, कोणी हात लावत नाही. एसटीत रुमाल टाकतो तसंच, फक्त इथे भांडण होत नाही. २०२१ पासून ट्रे आपला आपण उचलून ठेवायचा, नाहीतर आधी समज, मग दंड.

पण गोडगोड चित्र रंगवत नाही. म्हातारे हॉकर दमलेत, पोरांना पहाटे चारला उठून रस्सा ढवळायचा नाहीये. आणि गिऱ्हाइकाला पाच डॉलरच्या वर एक सेंट द्यायचा नाही. त्याच गिऱ्हाइकाला, जो मॉलमध्ये कॉफीला आठ देतो. २०१६ मध्ये दोन हॉकरना मिशेलिनचा तारा मिळाला तेव्हा त्यांच्या स्वस्त प्लेटसाठी रांगा लागल्या.

ताटलीफोड
एसटीतल्या रुमालावर कोणी बसलं तर काय होतं यावर वेगळा धागा काढा.

सराफा_रात्री_दहा
आम्ही इंदूरचे मराठी, आमच्याशिवाय खाण्याचा धागा पूर्ण कसा होईल. सराफ्यात दिवसा सोनं, रात्री दुकानं बंद झाली की त्याच पायऱ्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी. सोनाराला रात्री रस्ता जागता हवा असतो आणि खाऊवाल्याला जागा, दोघांचं भागतं असं जुनी माणसं सांगतात. छप्पन दुकान या आमच्या खाऊगल्लीचं वेगळं, तिथे गाड्या बंद केल्या, फरशी घातली, एकसारख्या पाट्या, एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, स्वच्छ स्ट्रीट फूडचा शिक्काही मिळाला. म्हणजे छताशिवायचा फूड हॉलच की तो. तिथली चव बदलली नाही, कारण दुकानदार तेच राहिले. माणूस बदलला की चव गेली, आमचं हे एवढंच म्हणणं.

बाय द वे, असा पहिला शिक्का अहमदाबादच्या कांकरियाला मिळाला होता, २०१८. आम्ही दुसरे. तेव्हापासून जळतोय.

खुंटी
मी निवृत्त माणूस, जरा मागचं सांगतो. १९९५ मध्ये राज्यात झुणका-भाकर केंद्रं निघाली होती, एक रुपयात झुणका भाकर. चौकाचौकात टपऱ्या दिल्या. आमच्या ऑफिसबाहेरच्या केंद्रावर पहिले सहा महिने भाकरी मिळाली. मग भाकरीसोबत वडा दिसू लागला. मग वड्यासोबत डोसा. शेवटी पाटीवर झुणका भाकर आणि कढईत मंचुरियन. योजना गेली, टपऱ्या राहिल्या. एक रुपयात भाकरी परवडेना हे उघड होतं, त्यात चालवणाऱ्याला दोष देत नाही.

तुमच्या जाऊबाईंना सांगा, भाडं जेवढं मोठं तेवढी पाटी आणि कढई यांची फारकत लवकर होते.

हिशेबनीस
खुंटीकाका बरोबर बोलले, आता तेच आकड्यांत मांडतो. मी स्वतः एका फूड कोर्टातल्या दोन काउंटरचे हिशेब पाहिलेत (नाव विचारू नका).

एका बिलाचे सरासरी १६० धरू. कच्चा माल ३० टक्के. भाडं ५५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ९,९०० आणि इथेच बहुतेक जण फसतात, कारण खाण्यावर ५ टक्के जीएसटी लावणाऱ्याला इनपुट क्रेडिट मिळत नाही. भाड्यावरचे ते ९,९०० वजा होत नाहीत, गेले ते गेले. कॉमन एरियाचा मेंटेनन्स आणि वीज १५,०००. दोन मदतनीस ३६,०००. पॅकिंग, साबण, किरकोळ ८,०००. म्हणजे एक प्लेट विकली नाही तरी १,२३,९०० लागणार.

महिन्याला १,७७,००० ची विक्री झाली तर ना नफा ना तोटा. रोज ३७ बिलं. अडीच लाख झाली, म्हणजे रोज ५२ बिलं, तर हातात साधारण ५१,००० येतील, आणि हा जाऊबाईंचा स्वतःचा पगार धरून हं. अडीच लाखाच्या वर गेलात की २२ टक्के सुरू. दीड लाखावर अडकलात, रोज ३१, तर महिन्याला १८,९०० घरातून घालायचे.

आता ३७ हा आकडा ऐकायला छोटा आहे. शनिवारी ९० होतील. मंगळवारी दुपारी तीनला काय? म्हणून माझा सल्ला, त्या ब्लेझरवाल्याशी बोलायच्या आधी कोणत्याही चालू फूड हॉलमध्ये सोमवार-मंगळवारी जाऊन दोन तास बसा, एक कॉफी घ्या, आणि एकाच काउंटरकडे बघत बिलं मोजा. ऑर्डर तयार झाली की थरथरणारा तो पेजर किती वेळा थरथरला ते मोजलं तरी चालेल.

उमदा_गडी
@हिशेबनीस, हिशेब झकास पण एक बाजू राहिली. तेवढंच रेस्टॉरंट स्वतः काढायचं तर डिपॉझिट, इंटिरिअर, एक्झॉस्ट, टेबलं-खुर्च्या, भांडी घासायला माणूस, बाथरूम, सगळं धरून आजच्या पुण्यात वीस-पंचवीस लाख कुठे जातात कळत नाही. माझे गेले. चौदा महिन्यांत बंद केलं, खुर्च्या अजून भावाच्या गॅरेजमध्ये आहेत, कोणाला हव्या असतील तर सांगा. फूड हॉलमध्ये पडलात तरी चार-पाच लाखात पडता. शिकायची फी म्हणून ती कमी आहे.

फोडणी
सगळे भाड्यावर बोलताय, तव्यावर कोणी बोलेना. थालीपीठ लागतं किती वेळात? थापून, मधे भोकं पाडून, तेल सोडून, झाकण ठेवून, उलटून, सात-आठ मिनिटं. दोन तवे धरले तर तासाला सोळा-सतरा. शनिवारी रात्री आठ ते दहा जेवढी गर्दी तेवढी थालीपिठं निघणारच नाहीत. मग काय होतं, आधीच अर्धी भाजून ठेवतात आणि ऑर्डर आली की गरम करतात. ते थालीपीठ नाही, ते वातड पुठ्ठा.

आणि महत्त्वाचं, बऱ्याच बंदिस्त फूड हॉलमध्ये सिलिंडर आत नेऊ देत नाहीत. पाइपचा गॅस नाहीतर इंडक्शन. विचारलंत का?

दादर_पूर्व
@फोडणी, हा खरा प्रश्न! अवांतर: पुण्यात मंडईचा असा अर्धा फूड हॉल केला तर? १८८६ ची इमारत, काय सुंदर टॉवर. लिस्बनसारखं अर्धी भाजी, अर्धं खाणं.

कसबेकर
@दादर_पूर्व, मुंबईकरांनी आधी क्रॉफर्ड मार्केटवर प्रयोग करावा, तेही फुले मंडईच आहे. आमच्या मंडईत हात लावायचं नाव काढू नका.

जाता जाता, त्या रे मार्केटच्या (आमच्या मंडईचं जुनं नाव) खर्चाला ज्योतिरावांनी नगरपालिकेत सभासद असताना विरोध केला होता, पैसा शिक्षणावर घाला म्हणून. पुढे मंडईला नाव त्यांचंच लागलं. आणि आत गाळे घेणारे आजही ओट्यावरच बसतात, त्यांच्या ओट्याचं भाडं आणि तुमच्या पिवळ्या दिव्याचं भाडं एका छताखाली आलं की कोण आधी उठेल ते सांगायला ज्योतिषी नको.

ताटलीफोड
धागा बाणेरहून निघून लिस्बन, सिंगापूर, इंदूरमार्गे मंडईत पोचला. पार्किंग मिळालं का?

कसबेकर
नाही.

मधलीसुट्टी
तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी. सगळ्यांचे आभार. @हिशेबनीस, तुमचा तो हिशेब प्रिंट काढून डायनिंग टेबलवर ठेवला, दिरांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, "हे गृहस्थ कोण?" म्हणाले.

मग आम्ही दोघी जावा खरंच गेलो, विमाननगरच्या बाजूला एक आहे तिथे. सोमवार, दुपारी साडेबारा ते अडीच. एक कॉफी दोघीत, २४० रुपये. समोरचा राइस बोलवाला धरला मोजायला. अकरा बिलं. त्यातली चार त्याच्या शेजारच्या काउंटरवरच्या पोरांची, त्यांना स्टाफ रेट असतो म्हणे. जाऊबाई पर्समधल्या छोट्या वहीत रेघा मारत होत्या, दूधवाल्याचा हिशेब ठेवतात तशा. मग त्या उठून सरळ राइस बोलवाल्याशी बोलायला गेल्या, मी लाजले, त्या नाही लाजल्या. तो पोरगा म्हणाला, मावशी, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र हाच आमचा महिना.

त्यावरून त्यांनी ब्लेझरवाल्याला उलट सांगितलं, मला रोज नको, फक्त शनिवार-रविवार द्या, गॅरंटी नाही, २५ टक्के घ्या, तीन महिने बघू. दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा स्वतःच फोन केला, बहुतेक अठरा काउंटर भरत नाहीयेत. पाटीवर थालीपीठच, खाली हवं तर बारीक अक्षरात तो इंग्रजी पसारा. @भर_दुपारी, बाथरूम आधी बघून आलो, चांगलं आहे. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

@फोडणी, तुमचा मुद्दा खरा निघाला. सिलिंडर नाही, इंडक्शनच. म्हणून परत विचारतेय, बिडाचा तवा इंडक्शनवर चालतो का? जाऊबाई दुसऱ्या तव्याला हात लावायला तयार नाहीत.

फोडणी
चालतो, बीड म्हणजे लोखंडच. पण बूड सपाट हवं. आमच्या आजेसासूबाईंचा खोलगट होता, तो इंडक्शनवर ठेवला की नुसता गरगर फिरायचा आणि मधेच भाजायचं, कडा कच्च्या. पट्टी उभी धरून बूड तपासा, खालून उजेड दिसला तर नवीन घ्या आणि आतापासून रोज घरी वापरून मुरवा. शिवाय एकदम फुल्लवर टाकू नका, बीड तडकतं.

हिशेबनीस
२५ टक्क्यांवरही जीएसटी १८ लागेल, तो त्यांच्या बिलात आहे का वेगळा ते लिहून घ्या.

ताटलीफोड
उद्घाटन कधी? लाकडी ट्रे मी घरून आणतो.

मधलीसुट्टी
@फोडणी, पट्टी लावली. उजेड दिसतोय.